पाचवीच्या पाट्याखालचा कागद

माझा देवावर विश्वास आहे. रोज सकाळी दिवा लावते, गुरुवार करते, चतुर्थी चुकवत नाही. पण कामाच्या बाबतीत मी त्याच्यावर कधी विसंबून राहिले नाही. शाळेच्या कार्यालयात सव्वीस वर्षं झाली मला. जे कागदावर नाही ते होत नाही, एवढं मी तिथं पक्कं शिकले. त्यामुळे घरातही माझ्या याद्या असतात. किराण्याची, औषधांची, पाणी येण्याच्या दिवसांची. देवाची कामं देवाकडे आणि माझी माझ्याकडे, अशी वाटणी मी मनातल्या मनात कधीच करून टाकली होती. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा माझी कामं जास्त वेळेवर होतात, असंही मला वाटायचं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

दिवाळी झाली आणि माझी मुलगी शीतल बाळंत झाली. पहिली खेप, म्हणून ती पुण्याहून माहेरी आली होती. मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा माझी सगळी तयारी होती. पंचवीस दिवसांची रजा, धुरीसाठी ओवा आणि बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, जुन्या सुती साड्यांची दुपटी, सगळ्यावर खुणा झालेल्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, बाळाला साधारण दोन-अडीच तासांनी पाजा. मी त्याचा तक्ता केला. वेळ, डावीकडे किती मिनिटं, उजवीकडे किती मिनिटं, शू, शी, झोप. सहा रकाने, पट्टीने आखलेले. कागद फ्रिजवर चिकटवला, शेजारी दोऱ्याने पेन बांधलं.

आता या तक्त्याला घरातल्या माणसांनी साथ दिली असती तर गोष्ट वेगळी होती. आमच्या यांना एक काम सांगितलं की दोन तयार होतात. लंगोट वाळत घाला म्हटलं, तर चिमटे न लावता घातले. अर्धे शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उडाले. पाणी उकळायला ठेवा म्हटलं, तर ठेवलं आणि बाळाचा फोटो मावसभावाला पाठवत बसले. पातेलं काळं झालं. पाचवीच्या पूजेसाठी अकरा वस्तूंची यादी देऊन शहागंजच्या बाजारात पाठवलं, तर नऊ वस्तू आल्या आणि दोन किलो पेरू आले. "दौलताबादचे आहेत, गोड आहेत," म्हणे. बाळंतिणीला पेरू चालत नाहीत असं विहीणबाई म्हणाल्या, मला पेरू आवडत नाहीत, तेव्हा दोन किलो पेरू यांनीच खाल्ले आणि मग पोट दुखतं म्हणून पडून राहिले.

विहीणबाई म्हणजे शीतलच्या सासूबाई. बिडकीनच्या पुढं त्यांचं गाव, घरची शेती. त्या पाचवीसाठी आदल्या दिवशीच आल्या, त्या दोन पिशव्या आणि चक्क दगडी पाटा-वरवंटा घेऊन. जीपवाल्याने तो दारापर्यंत आणून ठेवला. मी म्हटलं, "अहो, एवढं ओझं कशाला? वाटणाला मिक्सर आहे ना आपल्याकडे."

"मिक्सर असंल," त्या पदराने घाम पुसत म्हणाल्या, "पन सटवाई काय मिक्सरवर बसती व्हय?"

फ्रिजवरचा तक्ता पाहून तर त्यांनी कपाळालाच हात लावला. बाळ रडायला लागलं आणि मी "अजून वीस मिनिटं आहेत" म्हटलं की त्या म्हणायच्या, "लेकरू काय एसटी हाय का, टायमावर सुटायला?" मी त्यांना डॉक्टरांचा हवाला द्यायचे. त्या मला त्यांच्या पाच बाळंतपणांचा हवाला द्यायच्या. मधे शीतल बसलेली असायची, मांडीवर बाळ, चेहरा उतरलेला. तिच्याकडे कुणीच हवाला मागत नव्हतं.

आणि मुख्य गोष्ट अशी होती की बाळ नीट पीत नव्हतं. तोंड लावायचं, दोन-चार घोट घ्यायचं, सोडून द्यायचं आणि रडायचं. रडून थकलं की झोपायचं. मी घड्याळ हातात घेऊन शेजारी उभी असायचे आणि रकान्यात लिहायचे, डावीकडे तीन मिनिटं, उजवीकडे दोन. पाचव्या दिवशी त्याचे हातपाय मला बारीक वाटायला लागले. लंगोट कोरडेच निघायचे. शू-च्या रकान्यात मी ज्या खुणा करत होते त्या कमी होत चालल्या होत्या, आणि मी त्या फार व्यवस्थित करत होते.

त्या संध्याकाळी पाचवी झाली. आमच्या दोन्ही घरांत पद्धत एकच आहे. पाटा-वरवंट्याची सटवाई म्हणून पूजा करायची, कणकेचे दिवे लावायचे, वरणभाताचा नैवेद्य दाखवायचा, आणि पाट्याखाली कोरा कागद ठेवून शेजारी लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय ते त्या कागदावर लिहून जाते. तो कागद मग कुणी उघडायचा नाही. बारशापर्यंत बाळाच्या गादीखाली राहतो, नंतर पाण्यात सोडायचा. माझ्या यादीत नववी वस्तू तीच होती, 'कोरा कागद'. मी तो दुपारीच घडी घालून देवघराच्या खणात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी बाळाला दाखवायला न्यायचं होतं म्हणून तक्ताही फ्रिजवरून काढून, घडी घालून त्याच खणात ठेवला होता. माझ्या सगळ्या घड्या सारख्या असतात. कोपऱ्याला कोपरा, चार पदरी, मजकूर आतल्या बाजूला. कार्यालयातली सवय. कणकेचे हात, एका कानात बाळाचं रडणं, दुसऱ्या कानात विहीणबाईंचं "कागद आना की". मी खण उघडला, एक घडी काढली, पाट्याखाली ठेवली आणि यादीवर खूण केली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघायच्या वेळी विहीणबाई आडव्या आल्या. काल पाचवी झाली आणि आज बाळंतीण उंबऱ्याबाहेर? मी रिक्षा बोलावलेली होती, वेळ घेतलेली होती, खणातली घडी पर्समध्ये टाकलेली होती. त्या पुटपुटत बाजूला झाल्या. डॉक्टर मॅडमनी बाळाला काट्यावर ठेवलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच, पण हे बरंच उतरलं होतं. "दिवसातून किती वेळा पितो? शू किती वेळा?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न माझा होता. मी पर्समधून घडी काढली, उघडली आणि त्यांच्यापुढे धरली. कागद कोरा होता.

मी तो उलटा करून पाहिला. पुन्हा सुलटा केला. मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मला सगळं आठवायला हवं होतं, मीच लिहिलं होतं, पण तोंडातून एक आकडा निघेना. मी शीतलकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला नाही माहीत आई. मी पाजताना तुझ्या घड्याळाकडे बघते. त्याच्याकडे बघायचं राहूनच जातं." ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती साधं सांगत होती.

मॅडम समजूतदार. म्हणाल्या, दूध आहे, पण बाळाची पकड नीट नाही, आणि आई घाबरलेली आहे. त्यांनी कसं धरायचं ते दाखवलं, पण तिथं बाळ झोपून गेलं, तोंड उघडेना. तीन दिवसांनी पुन्हा वजन करू. नाही वाढलं तर दाखल करावं लागेल. मधे अगदी मलूल वाटलं तर लगेच या. परतीच्या रिक्षेत माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. तो तक्ता जर पर्समध्ये नव्हता, तर तो कुठं होता हे मला कळलं होतं.

मी स्वतःला व्यवहारी बाई समजते. पण घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे तो एकच पाटा होता. ज्या कागदावर देवीने माझ्या नातवाचं नशीब लिहायचं, तो मी आधीच भरून ठेवला होता. शू दोन, शी एक, डावीकडे तीन मिनिटं. तिला लिहायला जागाच ठेवली नव्हती. विहीणबाईंना सांगावं की नाही याचा विचार करत मी दोन वेळा चहा केला. शेवटी सांगितलं. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी बाळाच्या गादीकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "पाठ कोरी व्हती ना?"

"हो. मागची बाजू कोरी होती."

"मंग बास झालं. तिला तेवढी लई हाय."

मी म्हटलं, निदान तो कागद द्या, तीन दिवसांच्या नोंदी आहेत त्यात, डॉक्टरांना दाखवायला हव्यात. तेव्हा मात्र त्या उठल्याच. "खुळ्या झाल्या का विहीणबाई? सटवाईपुढचा कागद उघडत्यात व्हय कुठं?" आणि बाळाच्या गादीजवळ अशा जाऊन बसल्या की जणू मी रात्रीतून चोरून नेणार होते. यांनी मधे तोंड घातलं, "अगं, नवीन आख की. तुला तेवढंच हवं असतं." मी यांच्याकडे पाहिलं तेव्हा हे पेपर घेऊन गच्चीवर गेले.

म्हणून त्या दुपारी मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून तोच कोरा कागद गुडघ्यावर घेऊन नवा तक्ता आखत होते. आतून बाळाचं रडणं येत होतं. आमची कॉलनी शहराच्या कडेला, सातारा म्हणतात त्या भागात आहे. घरांमधे अजून रिकामे प्लॉट आहेत आणि पावसाळा सरला की तिथं मेंढरं उतरतात. फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. साठीची असेल. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर चुंबळ, हातात दोन घागरी.

"बाई, पानी मिळंल का वाईच?"

आमच्याकडे पाणी आठव्या दिवशी येतं. तो सहावा दिवस होता, आणि बाळाचे कपडे धुऊन टाकी तळाला गेली होती. मोटारीच्या बटणावर मीच कागद चिकटवला होता, बाहेर कुणालाही पाणी द्यायचं नाही. मी मान वर न करता म्हटलं, "नाही हो. पुढच्या गल्लीत बघा." आणि रेघ ओढली.

ही रेघ मला अजून दिसते. ती बाई काही न बोलता वळली होती. विहीणबाई आतून आल्या नसत्या तर ती गेली असती, आणि मी हे लिहायला बसले नसते. "अवो, बाळंतिणीच्या घरून तान्हेलं मानूस माघारी धाडत्यात का कुनी? या वो आक्का, या आत," असं म्हणत त्यांनी फाटक उघडलं आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला. माझं घर, माझी टाकी. पण मी गप्प उठले आणि घागर नळाखाली लावली.

ती बाई पाण्याकडे पाहत नव्हती. कान देऊन ऐकत होती. "कितवा दिस लेकराला?"

"सहावा," विहीणबाई म्हणाल्या.

"हे भुकंचं रडनं हाय." मग माझ्याकडे वळून, "पोरीला बघू का मी?"

अनोळखी बाई, बाहेरची, मेंढरांच्या कळपाबरोबर आलेली, आणि सहा दिवसांचं बाळ. माझ्या तोंडात 'नाही' आलेलं होतं. तेवढ्यात खिडकीतून शीतल म्हणाली, "येऊ दे आई." सहा दिवसांत तिने पहिल्यांदा काहीतरी हवं म्हणून मागितलं होतं. मी त्यांना साबण दिला. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले आणि आत आल्या. त्यांच्यामागे विहीणबाई, त्यांच्यामागे मी, आणि गच्चीवरून उतरून आलेले हे. ती बाई दारात थांबली आणि आम्हा तिघांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढी मानसं कशाला? मेंढीसुदिक चार जनं पुढं हुभी ऱ्हायली तर पान्हा सोडत नाय. व्हा भाईर समदे." मी जागची हलले नाही. मी आई होते. त्यांनी माझ्या हाताकडे बोट केलं. "आन त्ये घड्याळ बी घिऊन जावा."

मी बाहेर आले. दार लोटलं गेलं. पायरीवर तक्ता पडलेला होता, त्यावर अर्धवट रकाने. मी पेन उचललं आणि मला काय लिहायचं ते कळेना. देवापाशी मी आजवर जे मागितलं, ते मुद्देसूदच मागितलं. यांची बदली, शीतलचे मार्क, कर्जाचा शेवटचा हप्ता. किती, कधीपर्यंत, सगळं सांगून. त्या दुपारी माझ्याजवळ एकही मुद्दा नव्हता. मी डोळे मिटले आणि म्हटलं, तू बघ आता. मला जमत नाही. एवढंच. त्यापुढे काही जोडावं असं वाटलं नाही, आणि ते माझ्या बाबतीत फार नवीन होतं.

आत काय झालं ते शीतलने नंतर सांगितलं. त्यांनी तिला खुर्चीवरून उठवून खाली सतरंजीवर भिंतीला टेकवून बसवलं, पाठीमागे उशी, अंग सैल. बाळाचं दुपटं सोडलं आणि त्याला तिच्या छातीवर पोटाला पोट लावून ठेवलं. आणि मग काहीच केलं नाही. बाळ रडलं तरी नाही. "त्येला हुडकू दे," एवढंच म्हणाल्या. "कोकरूबी आधी वास घेतं. तोंड मोठं उघडंस्तवर थांब. तू त्येच्याकडं बघ, माज्याकडं नको." शीतल म्हणाली, "आई, त्याने नाक घासलं, मान हलवली, आणि इतकं मोठं तोंड उघडलं की मला हसू आलं." मला बाहेर फक्त एवढं कळलं की रडणं थांबलं. झोपून गेलं असेल असं वाटून मी दाराला कान लावला. तेव्हा तो आवाज आला. घट्, घट्, मधे एक श्वास, पुन्हा घट्. विहीणबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होता. किती वेळ ते चाललं, मला सांगता येणार नाही. घड्याळ माझ्याच हातात होतं.

बाहेर आल्यावर त्या बाईंनी पहिलं काय पाहिलं असेल, तर घागर. "भरली का?" मी दोन्ही काठोकाठ भरल्या, टाकीतला खडखडाट ऐकू येईपर्यंत. विहीणबाईंनी त्यांना हळदीकुंकू लावलं, खण दिला. चहा नको म्हणाल्या, मेंढरं ज्वारीत शिरतील म्हणून. जाताना मला म्हणाल्या, "वरडू नका पोरीवर." मी ओरडत नव्हते, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यात डिंकाचे लाडू घेऊन त्या प्लॉटवर गेले. लेंड्या होत्या, चुलीचे तीन दगड होते, राख होती. कळप गेलेला होता. विहीणबाईंनी ऐकल्याबरोबर हात जोडले. त्यांच्या मनात शंकाच नव्हती, पाट्यावर बसवली होती तीच आली होती, कागदाच्या पाठीवर लिहिलेलं खरं करायला. हे म्हणाले, "त्या पैठणकडे जाणार होत्या, कालच मला फाटकात सांगून गेल्या." मी दोघांचंही ऐकून घेतलं. त्या बाईंच्या टाचा भेगाळलेल्या होत्या, बांगड्यांत सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या, आणि साबणाने हात धुताना त्या "वास लई भारी हाय" म्हणाल्या होत्या. मी एवढंच जाणते की मी तिला परत पाठवत होते आणि ती परत गेली नाही. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

तीन दिवसांनी बाळ काट्यावर ठेवलं. मी काट्याकडे पाहिलं नाही, मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या हसल्या. दाखल करायची गरज नव्हती. मग म्हणाल्या, "आणि आजी, आज तक्ता कुठंय?" मी काही बोलायच्या आत शीतल म्हणाली, "मला विचारा ना मॅडम." आणि तिने सगळं सांगितलं. किती वेळा प्यायला, किती वेळा शू, कुठल्या कुशीवर झोपतो, पोट भरलं की मूठ कशी सैल सोडतो. कागद न पाहता. मुठीचं मला माहीत नव्हतं. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

बारसं झालं. जावई आले, पाळणा झाला, यांनी पेढ्यांऐवजी पुन्हा पेरू आणले, ते जाऊ दे. पाहुणे पांगल्यावर विहीणबाईंनी गादीखालून ती घडी काढली आणि पाण्यात सोडायला माझ्या हातात दिली. त्या परत निघाल्या होत्या. पाटा मात्र इथंच ठेवून गेल्या. "दुसऱ्या खेपेला पुन्हा कोन आनील?" म्हणाल्या.

मी अजून याद्या करते. न करून घर कसं चालेल? पण मोटारीच्या बटणावरचा कागद मी काढून टाकला आहे, आणि घड्याळ शीतलच्या खोलीबाहेर ठेवून आत जाते. बारशाच्या त्या दिवशी बादलीत पाणी घेऊन मी अंगणात तुळशीपाशी बसले. घडीला तेलाचा डाग पडला होता, हळदीचा वास येत होता, आणि बाळाच्या वजनाने ती अगदी सपाट झाली होती. आत काय आहे ते मला पाठ होतं. सहा रकाने, माझं अक्षर, प्रत्येक मिनिट. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर काही आहे का, ते घडी जरा उलटून पाहिलं की कळलं असतं. आयुष्यात मी कुठलाही कागद न वाचता पुढे पाठवलेला नाही. हा मी तसाच पाण्यात सोडला, आणि तो भिजून खाली बसेपर्यंत हात जोडून बसून राहिले.